एअर रायफलच्या छऱ्याचा वेग : अनुमान, मापन आणि त्रुटी

प्रस्तावना

बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग डोळ्यांना टिपता येत नाही. तो नेहमी दुसऱ्या एखाद्या मोजता येण्याजोग्या राशीवरून काढावा लागतो. अमेरिकेसारख्या देशांत शिकारीसाठी स्वतः काडतुसे भरणाऱ्यांपुढे हा प्रश्न नित्याचा असतो. पुस्तिकेत छापलेला वेग ठरावीक लांबीच्या चाचणी-नळीतून मोजलेला असतो. प्रत्यक्ष रायफलीची नळी आखूड असली किंवा तापमान बदलले, की तो आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आहे आणि शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत. आपल्याकडे हा प्रश्न उपस्थित होतो तो प्रामुख्याने नेमबाजीच्या क्रीडाप्रकारात.

या दृष्टीने पनवेल परिसराचे उदाहरण लक्षणीय आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफल प्रकाराची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबमुळे हे गाव नेमबाजीच्या नकाशावर आले. या प्रकारातील छऱ्याचा वेग महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या साधनांनी कसा काढता येईल आणि त्या उत्तरावर कितपत विसंबता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेग जाणून घेण्याची आवश्यकता

स्पर्धेच्या एअर रायफलीतून सुमारे ०.५३ ग्रॅम वस्तुमानाचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने बाहेर पडतो. हवेच्या विरोधामुळे तो मंदावतो आणि दहा मीटर अंतर सुमारे ०.०६१ सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे तो सुमारे १८ मिलिमीटर खाली येतो. ही घसरण वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून वेगात एक टक्का फरक पडला तर छर्रा सुमारे ०.३७ मिलिमीटर वर किंवा खाली लागतो. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वेगाच्या एकसारखेपणाचे महत्त्व स्पष्ट होते.

दुसरे कारण कायद्याचे आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा देणाऱ्या, किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठा व्यास असलेल्या हवेच्या शस्त्रास परवाना लागतो. वर उल्लेखिलेल्या स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा सुमारे ७.७ ज्यूल भरते. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्यासाठी २० ज्यूलची मर्यादा सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाशी येते. म्हणजेच परवान्याचा प्रश्न अखेरीस वेगमापनाचा प्रश्न ठरतो.

बॅलिस्टिक लंबक

इंग्लंडमधील गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ साली वर्णिलेली ही पद्धत आजही पदवीच्या भौतिकशास्त्रात शिकवली जाते. टांगलेल्या ठोकळ्यात गोळी रुतते आणि ठोकळा झुलतो. ३०० ग्रॅमचा ठोकळा एक मीटर लांबीच्या दोऱ्यांना टांगला असता वरील छऱ्यामुळे त्यास सेकंदाला सुमारे ०.३० मीटर वेग मिळतो. तो ४.६ मिलिमीटर उंच उचलला जातो, तर आडव्या दिशेने सुमारे ९६ मिलिमीटर सरकतो.

येथे दोन बाबींकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. पहिली, टकरीत संवेग अक्षय्य राहतो, गतिज ऊर्जा राहत नाही. छऱ्याच्या ऊर्जेपैकी जेमतेम ०.१८ टक्के ठोकळ्याच्या गतीत उरते. बाकीची उष्णता आणि विरूपण यांत खर्च होते. ऊर्जा अक्षय्य मानून गणित मांडल्यास १७० ऐवजी सेकंदाला ७ मीटर असे हास्यास्पद उत्तर येते. दुसरी बाब राशीच्या निवडीची. उंची मोजताना एक मिलिमीटर चूक झाली तर वेगात सुमारे ११ टक्के त्रुटी येते. आडवे सरकणे मोजताना तेवढीच चूक झाली तर त्रुटी एक टक्क्याच्या आसपास राहते. मोजपट्टी तीच, परंतु निष्कर्षाची विश्वासार्हता दसपट वेगळी.

घसरण आणि ध्वनी

दहा मीटरमधील घसरणीवरून वेग काढणे वरकरणी सोपे वाटते. परंतु नळी क्षितिजसमांतर ठेवताना एक मिनिट कोनाची चूक झाली, तरी लक्ष्यावर २.९ मिलिमीटरचा फरक पडतो. एकूण घसरणच १८ मिलिमीटर असल्याने ही पद्धत लांब पल्ल्यालाच उपयुक्त ठरते.

ध्वनीची पद्धत अधिक सोयीची आहे. मायक्रोफोन नळी आणि लक्ष्य यांच्या बरोबर मध्यावर, गोळीबाराच्या रेषेपासून सुरक्षित अंतरावर बाजूला ठेवावा. बार सुटल्याचा आणि छर्रा आदळल्याचा असे दोन्ही आवाज त्याच्यापर्यंत सारखेच अंतर कापून येतात. त्यामुळे ध्वनीचा वेग व त्यावरील तापमानाचा परिणाम गणितातून वगळला जातो आणि दोन आवाजांमधील अंतर हाच छऱ्याचा प्रवासकाळ ठरतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारे साधे ध्वनिमुद्रणही यास पुरेसे आहे. मात्र यातून मिळतो तो सरासरी वेग. नळीच्या तोंडाशी असलेला वेग त्याहून अधिक असतो. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीच्या बाबतीत आघात-तरंगाचा आवाज यात मिसळतो, हेही लक्षात ठेवावे.

क्रोनोग्राफ

बेल्जियन अधिकारी ल बुलांजे यांच्या एकोणिसाव्या शतकातील उपकरणात गोळीने पहिली तार तोडताच एक दांडा खाली पडू लागे; दुसरी तार तुटल्यावर सुटलेल्या वजनामुळे त्या पडत्या दांड्यावर खूण उमटे. आजच्या क्रोनोग्राफमध्ये तारांची जागा प्रकाश-संवेदकांनी घेतली आहे. संवेदकांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असल्यास छर्रा ते १.७६ मिलिसेकंदात पार करतो. घड्याळ मायक्रोसेकंद मोजते, परंतु संवेदकांच्या अंतरात एक मिलिमीटर चूक असेल तर वेगात ०.३३ टक्के त्रुटी राहतेच. पडद्यावर दशांशात दिसणारा आकडा तितकाच अचूक असतो, असे मानणे धोक्याचे आहे.

त्रुटीचा अर्थ

प्रत्येक छऱ्याचा वेग थोडा वेगळा असतो. दहा छऱ्यांच्या वेगाचे प्रमाण विचलन सेकंदाला ३ मीटर आले, तर सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ०.९५ मीटर येते. पहिली संख्या मुख्यतः रायफल आणि छरे यांविषयी सांगते, दुसरी आपल्या सरासरीविषयी. उपकरणातच दोष असेल, तर तो मात्र कितीही छरे झाडले तरी सरासरीत लपूनच राहतो.

समजा, एखाद्या एअर रायफलीचा वेग सेकंदाला २७० मीटर मोजला गेला आणि पद्धतीची त्रुटी तीन टक्के आहे. ऊर्जा १९.३ ज्यूल येते, म्हणजे मर्यादेच्या आत. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने तिची त्रुटी सहा टक्के होते आणि खरी ऊर्जा १८.२ ते २०.५ ज्यूल यांदरम्यान कोठेही असू शकते. अशा मापनावरून रायफल परवानामुक्त आहे किंवा नाही, हे सांगता येत नाही. एका टक्क्याच्या पद्धतीने मात्र हाच निर्णय देता येतो.

समारोप

कोणती पद्धत श्रेष्ठ, याचे एकच उत्तर नाही. ज्या प्रश्नासाठी वेग हवा आहे, त्याला किती त्रुटी चालेल हे प्रथम ठरवावे व मग साधन निवडावे. हे प्रयोग महाविद्यालयाच्या आवारात न करता मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करणे इष्ट होय. विद्यार्थ्याने वहीत लिहिलेल्या वेगासमोर त्रुटीचा आकडा नसेल, तर त्या वेगावरून गुणांचाही निर्णय करता येत नाही आणि कायद्याचाही नाही. भौतिकशास्त्राच्या अध्यापनात या आकड्याला उत्तराच्या बरोबरीचे स्थान मिळणे आवश्यक आहे.