मंडईत न येणाऱ्या भाज्या

मंडईत भाज्यांचे ढीग पाहिले की वाटतं, इतकी विविधता पूर्वी कधी नव्हती. ब्रोकोली आहे, लाल-पिवळी ढोबळी मिरची आहे, फ्लॉवर तर बारा महिने. पण घरातल्या एखाद्या आजीला विचारून पाहा, तुमच्या लहानपणी पावसाळ्यात काय काय शिजायचं? मायाळू, भोपळ्याची फुलं, शेवग्याचा पाला, पानओवा... ती घेईल त्या नावांतली बरीचशी मंडईत क्वचितच दिसतात. या भाज्या महाग झाल्या म्हणून दुरावल्या नाहीत. त्या जिथे उगवत ते घरामागचं परसच गेलं.

मंडईचा नियम साधा आहे. भाजी प्रवासात टिकली पाहिजे. रात्री ट्रकमध्ये चढून, पहाटे बाजार समितीत उतरून, दुपारी हातगाडीवरही ती ताजी दिसली पाहिजे. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. शेवग्याचा पाला तोडल्यावर थोड्याच वेळात मान टाकतो. अशी भाजी व्यापाऱ्याने आणावी कशाला? परसात मात्र प्रवास होता तो आडापासून चुलीपर्यंतचा. जे प्रवास करू शकत नाही, तेच परसाने पिकवलं.

परसाची व्यवस्थाही पक्की असे. मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला जाई. चुलीतली राख कीड पडलेल्या पानांवर भुरभुरली जाई. मांडवावरच्या पडवळाच्या टोकाला दगड बांधत, म्हणजे ते वेटोळं न होता सरळ वाढे. भोपळ्याची फुलं खुडायची ती नर फुलंच. लांब, बारीक देठाचं फूल नर, आणि ज्याच्या बुडाशी इवलासा भोपळा धरलेला दिसतो ते मादी. थोडी नर फुलं वेलावर ठेवायची, नाही तर फळ धरणार नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना हे वनस्पतिशास्त्र पाठ होतं.

अळवाचंही तसंच. काळ्या देठाचं वडीला, फिकट देठाचं फतफत्याला. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. ही कारणमीमांसा ठाऊक नसतानाही चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय कुठल्या घरात अळू शिजलं नाही.

या ज्ञानाला सणवारांचाही आधार होता. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी असते. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य वर्ज्य. मग ताटात येतं ते हाताने लावलेलं, परसातलं: अळू, लाल भोपळा, पडवळ, दोडका, माठ, मक्याचं कणीस. मसाला नाही; थोडी मिरची, चिंच आणि ओलं खोबरं. तासाभरापूर्वी तोडलेल्या भाजीला याहून जास्त लागतच नाही. वाटणांचा थाट बहुधा शिळेपण झाकायलाच वाढला असावा.

परसाबरोबर भाषाही आटली. मेथी खुडतात, मुळा उपटतात, भेंडी तोडतात, सुरण खणतात. प्रत्येक भाजीला तिचं क्रियापद होतं. आता सगळ्यांना मिळून एकच उरलं: ‘आणली’. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला ही हानी जरा जास्तच लागते.

आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासलेल्या माणसाने हिशेबही सांगायला हवा. कुंडी, माती, खत यांचा खर्च मांडला, तर गॅलरीतला टोमॅटो मंडईतल्यापेक्षा महागच पडेल. म्हणून मंडईत मिळतं ते घरी लावण्यात फारसा अर्थ नाही. मिळत नाही ते लावावं. मायाळूची बोटभर काडी मातीत खोचली की वेल गजावर चढतो. पानं बेसनात बुडवून भजी करा, किंवा तुरीच्या डाळीत शिजवा. पानओव्याचंही तसंच, फांदी लावली की झालं. धणे रगडून दोन फाकी करून पेरावेत. पसरट ट्रेमध्ये वाळू घालून मेथीदाणे दाट पेरले, तर थोड्याच दिवसांत मुंबईकरांची समुद्रमेथी घरच्या घरी मिळते. पेरणी डब्यातल्या दाण्यांचीच. बियाणं विकत आणायचीही गरज नाही.

खरा प्रश्न बियाण्याचाच आहे. जी भाजी कोणी लावत नाही, तिचं बी एक-दोन पिढ्यांत नाहीसं होतं, आणि मग पैसे मोजूनही ती मिळत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा आणि रानभाज्यांची गावठी बियाणी परसातच जपली, वाढवली आणि बायाबायांत वाटली. 2020 सालच्या पद्मश्रीने त्या कामाचा गौरव झाला. एवढं सगळ्यांना जमणार नाही. पण ओळखीच्या कोणाच्या अंगणात अजून गावठी घेवड्याचा मांडव असेल, तर या मोसमात चार वाळलेल्या शेंगा मागून घ्या. आणि देणाऱ्या बाईला विचारायला विसरू नका की तो घेवडा ती शिजवते कसा. बी आणि कृती, दोन्ही एकाच पुडीत बांधून आणायच्या गोष्टी आहेत.