सूक्ष्मलहरी मुरवणारे पदार्थ

धातूचा पातळ पत्रा सूक्ष्मलहरींना सहज अडवतो. मायक्रोवेव्हच्या दारातली सच्छिद्र जाळीही तेवढे काम करते, कारण तिथल्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते आणि छिद्रे त्या मानाने फारच लहान असतात. मात्र अडवलेली लहर नाहीशी होत नाही, ती माघारी फिरते, आणि रडारला नेमकी हीच परतलेली लहर हवी असते. त्यामुळे लढाऊ विमानाच्या पृष्ठभागावर किंवा अँटेनांची चाचणी घेण्याच्या खोलीत लहर नुसती अडवून भागत नाही. ती पदार्थात शिरू देऊन आतल्या आत तिचे उष्णतेत रूपांतर करावे लागते.

यातली खरी अडचण शिरण्याची आहे. लहरीतील विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या गुणोत्तराला संरोध म्हणतात. मोकळ्या अवकाशात तो सुमारे ३७७ ओहम असतो, आणि पदार्थाचा संरोध याहून फार वेगळा असला, तर लहर पृष्ठभागावरूनच परतते. धातूचा संरोध जवळजवळ शून्य असल्याने तो लहरीला आत घेत नाही, तर साधे प्लास्टिक तिला आत घेते पण तिची ऊर्जा खर्च करत नाही. या दोन टोकांच्या मधले गुणधर्म एकट्या पदार्थात क्वचितच सापडतात, म्हणून रबर, फोम किंवा रेझिनमध्ये संवाहक अथवा चुंबकीय कण मिसळून संमिश्र पदार्थ तयार करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पाणबुडीच्या पाण्यावर डोकावणाऱ्या श्वासनळीसाठी असे लेप वापरून पाहिले. दोस्तांच्या रडारची तरंगलांबी १० सेंटिमीटरच्या आसपास होती आणि साध्या शोषकाला तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे अडीच सेंटिमीटर, जाडी लागली असती. पण लोहाची भुकटी घातलेल्या रबरात लहर मंदावते, तिची लांबी आखडते आणि लेप बराच पातळ करता येतो. ही भुकटी आयर्न पेंटाकार्बोनिल या द्रवाच्या वाफेचे विघटन करून मिळवतात आणि तिचे गोलाकार कण काही मायक्रॉनांचेच असतात. सूक्ष्मलहरी लोहात मायक्रॉनभरच खोल शिरत असल्यामुळे मोठ्या कणाचा गाभा नुसता वजन वाढवतो. शिवाय कण एकमेकांना टेकून अखंड प्रवाह वाहू लागला, तर लेपच धातूसारखा वागू लागतो, म्हणून प्रत्येक कणाभोवती रबराचे विद्युतरोधक आवरण हवे.

कार्बनची संमिश्रे याहून पुष्कळ हलकी असतात, परंतु नॅनोनलिका किंवा ग्राफिन यांचे प्रमाण थोडे वाढले, तरी त्यांचे जाळे जुळून पदार्थ पुन्हा परावर्तक बनतो. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ मध्ये शोधलेल्या मॅक्सीन या द्विमितीय पदार्थांपैकी एकाच्या ४५ मायक्रॉनच्या पापुद्र्याने ९२ डेसिबलपर्यंत अडवणूक केल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले. हे यश मोठेच आहे, पण तो आकडा लहर पलीकडे न जाऊ देण्याचा आहे, अलीकडे न परतवण्याचा नव्हे, आणि बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

शोषणाचे आकडेही जपूनच वाचावेत. वजा २० डेसिबल म्हणजे परतणारी ऊर्जा एक टक्का. वजा ६० म्हणजे दहा लाखांत एक भाग. दुसरा आकडा डोळे दिपवतो खरा, पण तो बहुधा एकाच वारंवारतेपुरता असतो आणि लेपाची जाडी जरा चुकली की सरकतो. उपयोग ठरतो तो वारंवारतांच्या पट्ट्याच्या रुंदीवरून, आणि तिथे निसर्गाची मर्यादा आड येते. रशियन भौतिकशास्त्रज्ञ रोझानोव्ह यांनी २००० साली दाखवल्याप्रमाणे, धातूवर बसवलेल्या अचुंबकीय लेपाला २ ते २० गिगाहर्ट्‌झच्या सबंध पट्ट्यात ९० टक्के ऊर्जा शोषायची असेल, तर मिश्रण कितीही कल्पक असले तरी सुमारे ८ मिलिमीटर जाडी लागतेच. चुंबकीय पदार्थांना ही अट त्यांच्या पार्यतेच्या, म्हणजे चुंबकीय प्रतिसादाच्या, प्रमाणात सैल होते, आणि म्हणूनच वजनाची तक्रार असूनही लोह व फेराइट टिकून आहेत. अर्थात तापमान वाढले की त्यांचाही इलाज चालत नाही: लोहाचे चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला संपते आणि त्याच्या कितीतरी आधी भुकटी गंजू लागते, त्यामुळे इंजिनाच्या तप्त भागांसाठी सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी विणलेल्या सिरॅमिक संमिश्रांकडे वळावे लागते.