टपालाने आलेले खेळाडू

वाचकहो, आपल्या घरी पोस्टाची तिकिटे जमविणारे एखादे मूल असेल, तर त्याचा एक जुना, फुगलेला लिफाफा आपल्या परिचयाचा असेल. वहीत ज्यांना जागा उरलेली नाही अशी, एकाच चित्राची चार-चार, पाच-पाच तिकिटे त्यात कोंबलेली असतात. घरातील वडील माणसांना तो कचरा वाटतो. मूल मात्र वहीइतकाच तो लिफाफाही जपते. कारण वही म्हणजे जमलेले धन आणि लिफाफा म्हणजे पुढे जमवावयाच्या धनाचे भांडवल, हे त्याला कोणी न शिकविता समजलेले असते.

असा लिफाफा जगात सर्वत्र आढळतो. अमेरिकेत मात्र पुष्कळदा त्यात तिकिटे नसून माणसे असतात. बेसबॉल हा त्या देशाचा लाडका खेळ. आपल्या क्रिकेटप्रमाणे त्यातही बॅट आणि चेंडू आहे, धावा आहेत, झेल आहेत, आणि लांबलचक दुपारी त्याविषयी वाद घालीत बसणारे लोकही आहेत. त्या खेळाडूंची चित्रे छापलेली, तळहातात मावणारी जाड कागदाची कार्डे जमवावयाची, आपल्याजवळ अधिक झालेली कार्डे टपालाने दूरच्या एखाद्या अनोळखी संग्राहकाकडे पाठवावयाची आणि त्याच्याकडून आपली उणीव भरून घ्यावयाची, हा छंद तेथे कित्येक पिढ्या चालत आलेला आहे. वरवर तो पोरखेळ दिसतो. परंतु ज्याला आपण कधी पाहिले नाही त्याच्या शब्दावर किती विसंबावे, हा मोठ्या माणसांनाही न सुटलेला प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून त्याची हकीकत आपल्यापुढे ठेवावीशी वाटते.

या कार्डांचा जन्म मैदानावर झाला नाही. तो तंबाखूच्या कारखान्यात झाला. सिगारेटची नाजूक पाकिटे चेपू नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. १८८० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कची गुडविन, रिचमंडची ॲलन अँड गिंटर अशा कंपन्यांनी त्या तुकड्यांवर नट्या, ध्वज, पक्षी आणि बेसबॉलपटू छापावयास आरंभ केला. बाप सिगारेट ओढी आणि चित्र मुलाच्या खिशात जाई. इंग्लंडमध्ये हीच युक्ती क्रिकेटच्या कामी आली, आणि आपले रणजितसिंहजीदेखील तेथील सिगारेटच्या पाकिटांतून घरोघर जाऊन पोचले! पुढे १९३० नंतरच्या काळात अमेरिकेत तंबाखूची जागा च्युइंग गमने घेतली. मुलांच्या दृष्टीने पाहता हा बदल बराच म्हटला पाहिजे.

१९३३ साली बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने २४० क्रमांकांची एक मालिका काढली. एक सेंट द्यावा, एक पुडी घ्यावी. तीत गमची एक वडी आणि एक कार्ड. आता आपण थोडे गणित करून पाहू. सर्व कार्डे सारख्याच संख्येने छापलेली आहेत आणि पुडीत कोणते निघेल हे केवळ दैवावर आहे, असे धरले तर संपूर्ण मालिका एकट्याने जमविण्यास किती पुड्या लागतील? पुष्कळांना पाचशे हा आकडा पुरेसा वाटेल. प्रत्यक्षात उत्तर सरासरी साडेचौदाशेच्या घरात जाते. पहिली शंभर-दीडशे कार्डे भराभर जमतात. मग एकाच खेळाडूचे तोंड पुनःपुन्हा पाहावे लागते. आणि शेवटच्या एका कार्डासाठी सरासरी दोनशे चाळीस पुड्या फोडाव्या लागतात. इतका गम चघळणारा जबडा आणि इतके सेंट पुरविणारा बाप, दोन्ही दुर्मीळच. अदलाबदलीचे मूळ या गणितात आहे. माझ्या लिफाफ्यातील जो खेळाडू मला नकोसा झाला आहे, तोच दुसऱ्या गावातील कोणाचा तरी शेवटचा खेळाडू असतो.

गल्लीतल्या गल्लीत ही अदलाबदल सोपी. समोरासमोर बसावे, पत्ते पिसल्याप्रमाणे कार्डे पालटावीत, ‘हे आहे, हे आहे, हे नाही’ असे म्हणत जावे. पण एका गल्लीतील मुले एकाच दुकानातून पुड्या घेतात. त्यामुळे सर्वांजवळ तीच कार्डे साचतात आणि सर्वांना तीच मिळत नाहीत. तेव्हा गावाबाहेर हात पसरणे भाग पडते, आणि तेथे टपाल येते. त्या काळी अमेरिकेत साध्या पत्रास तीन सेंटांचे तिकीट लागे. म्हणजे एका पत्राच्या खर्चात तीन पुड्या आल्या असत्या. एका कार्डासाठी पत्र धाडणे परवडत नसे. म्हणून आधी याद्यांची देवघेव व्हावयाची, आणि दहा-वीस कार्डांचा सौदा जमला म्हणजेच लिफाफा बंद व्हावयाचा.

गाउडीच्या त्या मालिकेची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तिच्यातील १०६ क्रमांकाचे कार्ड कोणालाच मिळेना. मुले पुड्या फोडून थकली, अदलाबदल करून थकली. १०५ होते, १०७ होते, मधला एक नव्हता. कारण सरळ होते: कंपनीने ते छापलेच नव्हते. मुलांनी आशेने पुड्या घेत राहावे, हाच त्यातील हेतू असल्याचे मानले जाते. अखेर संतापलेल्या ग्राहकांनी कंपनीस पत्रे लिहिली. तेव्हा १९३४ साली कंपनीने त्या क्रमांकावर नॅप लाज्वे या नामांकित खेळाडूचे कार्ड छापले आणि ज्यांनी तक्रार लिहून कळविली त्यांना ते टपालाने पाठवून दिले. लाज्वे १९१६ नंतर मोठ्या सामन्यांतून दिसलाच नव्हता. त्यामुळे ज्या मुलांच्या हाती तो पडला त्यांनी त्याला खेळताना पाहिलेले असणे शक्यच नव्हते. कार्ड पत्रास तारेच्या क्लिपने जोडलेले असे. आजही त्या कार्डाच्या जुन्या प्रतींवर क्लिपचा वळ दिसतो, आणि एरवी अशा डागाने नाक मुरडणारे संग्राहक तो वळ मोठ्या कौतुकाने दाखवितात.

मोठी माणसे या छंदात उतरली तेव्हा एक निराळीच अडचण उभी राहिली. पत्रातून कार्डाचे नाव काय घालावे? ‘सिगारेटच्या पाकिटातले, पांढऱ्या कडेचे, अमक्या खेळाडूचे’ असे लिहिले तर तशी कार्डे अनेक कंपन्यांची निघत. ही अडचण दूर करणारा गृहस्थ कोणी प्राध्यापक नव्हता, धनिकही नव्हता. जेफरसन बर्डिक हे त्यांचे नाव. जन्म १९०० सालचा. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरी विजेच्या सामानाच्या एका कारखान्यात ते जोडणीचे काम करीत. लग्न केले नाही. राहावयास लहानशी जागा. आणि सांध्यांना असा वात जडलेला की वर्षागणिक बोटे अधिकाधिक वाकडी होत गेलेली. त्या बोटांनी त्यांनी १९३७ साली संग्राहकांसाठी एक छोटेखानी पत्रक सुरू केले आणि १९३९ साली अमेरिकेतील छापील कार्डांची पहिली मोठी सूची प्रसिद्ध केली. तीच पुढे ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने वाढत गेली. १९६० साली तिची अखेरची सुधारलेली आवृत्ती त्यांच्या हातून निघाली.

त्यांची योजना इतकी साधी की आजवर कोणी ती मोडलेली नाही. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘एन’ हे अक्षर, विसाव्या शतकातल्यांना ‘टी’, जुन्या मिठाईच्या व गमच्या कार्डांना ‘ई’, १९३० नंतरच्यांना ‘आर’; आणि प्रत्येक मालिकेस एक क्रमांक. गाउडीची ती १९३३ ची मालिका म्हणजे ‘आर ३१९’. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटमधून निघालेली पांढऱ्या कडेची मालिका म्हणजे ‘टी २०६’. एवढे लिहिले की देशाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसास नेमके कळे. एकमेकांना कधी न भेटलेल्या शेकडो माणसांना बर्डिक यांनी एक भाषा देऊन टाकली.

ही भाषा आली तरी विश्वासाचा प्रश्न उरतोच. दोघांपैकी कोणी तरी आधी पाठविले पाहिजे. त्यासाठी या व्यवहाराने आपली रीत आपणच घडविली आहे, आणि ती अजून चालू आहे. जो नवखा असेल त्याने प्रथम पाठवावे. ज्याचे अनेकांशी व्यवहार नीट पार पडले आहेत त्याने, हाती आल्यावर पाठवावे. पूर्वी ज्यांच्याशी देवघेव झाली त्यांची नावे विचारण्यात कोणी अपमान मानीत नाही. कार्डाचा कोपरा झिजला असेल, मधे घडी असेल, मागे शाईचा ठिपका असेल, तर समोरच्याने विचारण्यापूर्वीच ते सांगावे. पाकीट हाती पडताच पोच कळवावी. बांधणीचेही एक शास्त्र आहे. कार्ड पातळ पारदर्शक पिशवीत, पिशवी कडक आवरणात, आवरण दोन पुठ्ठ्यांच्या मधे. रबर मात्र कधीही लावावयाचे नाही, कारण ते कडांना कापते. आणि एक गोड प्रघात असा, की ठरलेल्या कार्डांबरोबर दोन-चार अधिक घालावीत. ज्याला पाठवावयाचे त्याचा आवडता संघ कोणता हे त्याच्या पत्रांतून कळलेले असतेच. त्या दोन-चार कार्डांची किंमत नगण्य असते. पण पाकीट उघडणारा प्रथम तीच पाहतो, असे मला वाटते.

फसवणूक होत नाही असे नव्हे. कार्डे घेऊन गप्प बसणारेही निघतात. परंतु असे नाव संग्राहकांच्या मंडळात फार दिवस झाकले राहत नाही, आणि ज्याच्याशी कोणी अदलाबदल करीत नाही त्याच्या लिफाफ्यातील भांडवलाचा उपयोग काय?

या साऱ्यास खरा धक्का दिला तो लबाडांनी नव्हे, भावाने. १९७९ साली जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी कार्डांच्या किमतींचे मार्गदर्शक पुस्तक काढण्यात भाग घेतला. १९८४ पासून त्यांचे भावपत्रक मासिकरूपाने निघू लागले. हेतू चांगलाच होता; अजाण माणूस नाडला जाऊ नये. पण त्यानंतर ‘तुला हवे ते माझ्याजवळ आहे’ या वाक्याच्या जागी ‘याचे किती होतात?’ हे वाक्य आले. मुले कार्डे हाताळीनाशी झाली. अधिक मिळेल म्हणून कंपन्यांनी १९८० ते १९९० च्या सुमारास इतकी कार्डे छापली की, म्हातारपणाची पुंजी म्हणून कपाटात जपलेले त्या काळचे गठ्ठे आज रद्दीच्या मोलाचे आहेत. मौज अशी की टपालाची निखळ अदलाबदल टिकली ती बहुतांशी या निर्मोल कार्डांवरच. ज्याला किंमत नाही ते परक्याच्या हाती सोपविताना कोणाची झोप उडत नाही.

उलट १९५२ च्या टॉप्स कंपनीच्या मालिकेतील न खपलेली कार्डे १९६० साली पेट्या भरून समुद्रात नेऊन टाकल्याचे त्या कंपनीचे साय बर्गर सांगत असत; त्याच मालिकेतील मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरांना गेले. ‘टी २०६’ मधील होनस वॅग्नरचे कार्ड याहूनही प्रसिद्ध. वॅग्नरने आपले चित्र वापरण्यास नकार दिला म्हणून ते छापणे लवकरच थांबले. मुलांनी चित्रासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून, असे काही म्हणतात. मोबदला मिळाला नाही म्हणून, असे दुसरे म्हणतात. कसेही असो, त्याच्या थोड्याच प्रती उरल्या आहेत. बर्डिक यांच्या सूचीत त्याची किंमत पन्नास डॉलर होती. २०२२ साली एका प्रतीचे साडेबाहत्तर लाख डॉलर आले.

त्यांच्या स्वतःच्या संग्रहातही एक वॅग्नर होता. त्याचे काय झाले?

१९४७ साली बर्डिक यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट या संग्रहालयास पत्र लिहिले आणि आपला संग्रह देऊ केला. बेसबॉलची तीस हजारांहून अधिक कार्डे आणि त्यांच्याबरोबर जाहिरातींची चित्रे, शुभेच्छापत्रे, पाकिटांवरील लेबले, असे मिळून तीन लाखांवर कागद. तेथील मुद्राचित्र विभागाचे प्रमुख ए. हयात मेयर यांनी तो स्वीकारला, पण मांडणी देणाऱ्याने स्वतः करावी या अटीवर. बर्डिक यांनी ती मानली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९५९ च्या अखेरीस ते न्यूयॉर्कला येऊन राहिले, आणि विभागातील एका टेबलाशी बसून एकेक कागद जाड पानांवर खळीने चिकटवू लागले. आजच्या संग्राहकांना हे ऐकून शहारे येतात. चिकटविलेल्या कार्डाची किंमत जाते. वॅग्नरही इतरांसारखाच एका पानावर चिकटविला गेला.

दुखणे वाढत होते. काम पुरे होईल की नाही, याची त्यांना स्वतःलाच शंका वाटे. १९६३ च्या जानेवारीची १० तारीख उजाडली. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्यांनी शेवटचे कार्ड चिकटविले, कष्टाने कोट अंगात घातला, आणि आता मी परत यावयाचा नाही, असे मेयर यांना सांगून ते बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले. दोन महिन्यांनी, १३ मार्च रोजी, तेथेच त्यांचा अंत झाला.