हातचा नसलेला डोंगर

चौकटींची वही घ्या आणि १११११११११ या संख्येला, म्हणजे ओळीने मांडलेल्या नऊ एकांना, तिनेच गुणा. कॅल्क्युलेटर नको. शाळेत करायचो तसा, एकाखाली एक ओळ उतरवत. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेले. बेरीज करायला घेतलीत की उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ सापडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळींचे एक जमतात आणि तिथून पुढे एकेक ओळ गळत जाते. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंकी संख्या. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त जी अठरा स्थानं दिली आहेत, त्यांतल्या सतराव्या, ‘मध्य’ या स्थानावर हिचा पहिला एक बसतो. परार्ध एका घरावर राहतो.

मला हिचा आकार आवडतो, पण त्याहून आवडतं ते या आकाराचं कारण. पूर्ण बेरजेत एकदाही हातचा येत नाही. कुठल्याच रकान्यात नऊपेक्षा जास्त एक नाहीत, म्हणून प्रत्येक रकान्यातली मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. नऊ ओळींत मिळून ८१ एक होते. उत्तरातल्या अंकांची बेरीज करून पाहा, ८१च भरते. शिवाय संख्येलाही ८१ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो १२३४५६७९चा वर्ग. या १२३४५६७९मध्ये ८ नाही, हे ध्यानात ठेवा.

अशा संख्यांवर आपल्या द. रा. कापरेकरांचा जीव होता. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. या घराण्याचा अभ्यास करावा हे त्यांना जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर सुचलं, म्हणून त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो संख्या’. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. रोज लाखो माणसं जिथून लोकल पकडतात, त्या स्थानकाचं नाव गणितात कायमचं कोरलं गेलं आहे, आणि हे डोंबिवलीकरांना ठाऊक असायला हवं.

त्याही आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त सहापर्यंत चढून उतरणारी १२३४५६५४३२१ ही संख्या दिली आहे. दोन्हीकडून सारख्याच वाचता येणाऱ्या अशा संख्यांना ते गळ्यातल्या हाराची उपमा देतात.

आता दहावा एक जोडा. मधल्या रकान्यात दहा एक जमतात: शून्य मांडायचं, हातचा एक. तो शेजारच्या नऊत मिळाला की तिथेही दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठावर चढतो, आठाचा नऊ होतो आणि तिथे थांबतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखर ढासळलं आणि चढणीवरचा ८ नाहीसा झाला. १२३४५६७९मधला ८ गेला तोही असाच, हातच्यापायी.

संगणकात वापरतात त्या सोळाच्या पद्धतीत मात्र हातचा सोळा झाल्यावर येतो. तिथे हाच डोंगर पंधरा एकांपर्यंत शाबूत चढतो.