‘इटालियन कट’ घेण्याआधी स्वतःचा खांदा बघा



रविवारच्या व्हिडिओत सुटाचा विषय मी जेमतेम दोन मिनिटं घेतला होता. पण कमेंट उघडल्या तर निम्मे प्रश्न त्याच दोन मिनिटांवर. त्यातला एक असा: “दादा, पुढच्या महिन्यात डीलरशिपसाठी कंपनीच्या लोकांसमोर बसायचंय. आयुष्यातला पहिला सूट घेतोय. उंची ५ फूट ४ इंच, पोट थोडं पुढे आहे. दुकानदार म्हणतो इटालियन घ्या, बारीक दिसाल. घेऊ का?”

एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट झालं असतं. आणि पहिल्या सुटाचे पैसे आपल्यासारख्याच्या खिशातून सहज निघत नाहीत. तेवढ्यात दुकानाचं लाइट बिल भरून वर पोराचा अर्धा पगार भागतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझी फजिती. बीबीए करून मी वडिलांच्या कपड्याच्या दुकानात बसायला लागलो होतो आणि पहिल्यांदाच हॉलमध्ये ६० जणांसमोर ट्रेनिंग घेणार होतो. ९,५०० रुपयांचा रेडिमेड सूट घेतला, आतल्या लेबलवर मोठ्या अक्षरात ‘इटालियन कट’. कापड चकचकीत, खांद्यात जाड पॅड. दुकानातल्या आरशात समोरून बघितलं तेव्हा मी स्वतःला हिरोच वाटलो. नंतर कार्यक्रमाचा व्हिडिओ बघितला आणि घाम फुटला. मान गायब. खांदे माझ्या हाडाच्या दोन बोटं पुढे. फळ्यावर लिहायला हात वर केला की अख्खा कोट कानापर्यंत वर. खाली एकाने लिहिलं होतं, “सर, कोट मोठ्या भावाचा आहे का?” मला मोठा भाऊ नाही.

मग दुसरी चूक केली. कुणीतरी सांगितलं की खरा इटालियन सूट बिनपॅडचा असतो. झालं, एका टेलरकडे नेऊन पॅड काढून घेतले. त्याने पाच मिनिटांत काढून दिले, ३०० रुपये घेतले. घालून बघतो तर खांद्यावर कापडाचा ढिगारा, बाहीच्या वर खड्डा आणि मानेमागे आडवी घडी. गादीतला कापूस काढून खोळ तशीच ठेवली तर जे होतं, ते. कारण पॅड हा नंतर भरलेला माल नसतो. पॅड बसणार हे धरूनच खांद्याचा उतार आणि मुंढा कापलेला असतो. तो काढला की कापड उरतं आणि उरलेलं कापड कुठेतरी जाऊन बसणारच. मऊ खांदा कात्रीतून येतो, उसवून येत नाही. तो सूट दोन वर्षं कपाटात लटकला, मग देऊन टाकला.

यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. हा मऊ खांदा मुळात इटलीतल्या नेपल्सचा. १९३० च्या दशकात तिथे रुबिनाची यांचं दुकान होतं, नाव ‘लंडन हाउस’. गंमत बघा, दुकान नेपल्समध्ये आणि पाटी लंडनची, कारण तिथल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला इंग्रजी कपड्यांचं वेड होतं. पण इंग्रजी कोट म्हणजे जाड कापड, आत कडक कॅनव्हास, खांद्यात पॅड, लष्करी गणवेशाची ठेवण. लंडनच्या थंडीत ठीक आहे, नेपल्सच्या उन्हात समुद्रकाठी तो घालून फिरणं म्हणजे शिक्षा. त्या दुकानाचे कटिंग मास्टर विन्चेन्झो अत्तोलिनी यांनी कोटातून एकेक गोष्ट कमी करायला सुरुवात केली. पॅड काढला, कॅनव्हास हलका केला, अस्तर कमी केलं, आणि हे सगळं कमी होणार हे धरून कटिंगच बदललं. पाटी लंडनची राहिली, माल मात्र नेपल्सच्या हवेचा झाला. गिऱ्हाईक जे मागतं आणि त्याला जे लागतं, यातला फरक ओळखणं म्हणजे काय, हे मला बीबीएच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त कळलं.

या खांद्याला तिकडे ‘स्पाल्ला कामिचा’ म्हणतात, म्हणजे शर्टाचा खांदा. तुमच्या अंगातला शर्ट बघा. बाही जिथे जोडली आहे तिथे फुगवटा नाही, कापड खांद्यावरून सरळ हातावर उतरतं. तसंच. फक्त बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा मुद्दाम मोठा कापतात आणि हाताने शिवताना ते जास्तीचं कापड मुरवतात, म्हणून वर बारीक चुण्या दिसतात. आपल्याकडे गिऱ्हाईक हे बघून म्हणेल, “मास्टर, शिलाई गोळा झालीय.” नाही हो, तीच तर कारागिरी आहे. मुंढाही वर, काखेजवळ असतो, त्यामुळे हात उचलला तरी कोट जागेवर राहतो.

पण ‘इटालियन’ म्हटलं की खांदा मऊच, असंही नाही. १९४५ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या ब्रिओनीचा कोट बघितला तर खांदा चांगला आखीव, बांधीव असतो. मिलानचे टेलर या दोन्हींच्या मधे कुठेतरी. पुढे जॉर्जिओ अरमानीने १९७५ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि कोटाच्या आतला कडकपणा काढून ढिला, वाहता कोट दुकानादुकानात नेला. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ सिनेमात रिचर्ड गिअरच्या अंगावर तोच होता. म्हणजे एकाच देशाचे तीन-चार वेगळे खांदे. तुमच्या लेबलवर ‘इटालियन’ लिहिलंय त्यातला कुठला, हे दुकानदाराला विचारून बघा. बहुतेक वेळा तो म्हणेल, “स्लिम फिट आहे, सर.” हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही.

आता तुमच्या शरीराकडे येऊ. एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, मऊ खांदा तुमचा स्वतःचा खांदा दाखवतो. चांगला असेल तर चांगला, पडका असेल तर पडका. घरी बनियनवर उभे राहा आणि कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. मानेपासून खांद्याच्या हाडापर्यंतची रेषा कशी उतरते ते बघा.

रेषा बऱ्यापैकी सपाट असेल, खांदे रुंद किंवा हाडं वर आलेली असतील, तर मऊ खांदा तुमच्यासाठीच आहे. अशा माणसाला पॅड लावला की तो दाराच्या चौकटीसारखा चौकोनी दिसतो आणि मान आखूड होते. माझं हेच झालं होतं. उंची कमी, खांदे रुंद, त्यावर आणखी पॅड. पॅड गेला की मान मोकळी होते, आणि मान दिसली की माणूस उंच वाटतो.

खांदे बाटलीसारखे उतरते असतील तर पूर्ण बिनपॅडचा कोट घेऊ नका. मास्टरला सांगा, कापसाची एक पातळ पट्टी घाला आणि खांदा हाडाच्या पुढे अगदी थोडा काढा. डोकं मोठं आणि खांदे अरुंद असतील तरी हेच. आणि ज्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे त्यांनी विशेष लक्ष द्या. अशी माणसं खूप असतात, माझ्या दुकानात माप घेताना रोज दिसतात. पॅडच्या कोटात हा फरक लपतो, मऊ कोटात खालच्या बाजूला तिरकी घडी पडते. कच्च्या ट्रायललाच ती पकडायची आणि फक्त त्या बाजूला पातळ पट्टी घालून घ्यायची. तयार झाल्यावर ओरडून उपयोग नाही. कोटाची कंबर आत घेता येते, बाही कमी करता येते, पँटची उंची बदलता येते, पण खांदा बदलणं म्हणजे जवळपास नवीन कोट शिवणं. म्हणून रेडिमेड घेताना खांदा बसला नाही तर बाकी कितीही सूट देत असले तरी तो कोट परत टांगा.

आता आपला ५ फूट ४ इंचवाला भाऊ. पोट लपवायला तो ढिला आणि लांब कोट घेणार, हे मला माहीत आहे, सगळे तेच करतात. लांब कोटाने पाय आखूड होतात. कोट सीट झाकेल इतकाच हवा, त्याखाली नको. दोन बटणांचा किंवा तीन बटणांचा, ज्यात वरचं बटण लॅपलच्या वळणात लपतं. नेपल्सच्या कोटात हा प्रकार नेहमी दिसतो, छातीवर लॅपल लांब आणि गोलसर वळतो. लावायचं बटण बेंबीच्या जरासं वर यावं आणि त्याखाली कोटाच्या दोन्ही कडा गोल उघडत जाव्यात. पँट जितकी वरपासून दिसेल तितके पाय लांब वाटतात. लॅपल फार बारीक नको, रुंद छातीवर बारीक लॅपल म्हणजे मोठ्या भिंतीवर छोटं कॅलेंडर. बाहेरून लावलेले शर्टासारखे खिसे मऊ कोटावर छान दिसतात, पण पोट आणि कंबर भरलेली असेल तर ते जाडी वाढवतात, आतले खिसे घ्या. मागे दोन कट घ्या, म्हणजे खुर्चीत बसल्यावर कोट फाकणार नाही.

आणि पँट, कृपा करून, पोटाच्या खाली बांधू नका. कोटाच्या बटणाखालून शर्टाचा पांढरा त्रिकोण दिसायला लागला की कितीही महाग सूट असो, सगळी मेहनत वाया. पँट बेंबीच्या आसपास चढवा, पुढे एक चुणी ठेवा, पट्ट्याने थांबत नसेल तर आजोबांच्या काळातले गॅलिस लावा. कोटाखाली कुणाला दिसतात?

उंच आणि बारीक माणसाला हे सगळं थोडं उलटं. त्याने बटण फार वर घेऊ नये, कोट आखूड करू नये, बाहेरचे खिसे खुशाल लावावेत. त्याचं फारसं बिघडत नाही, म्हणून पुढे जातो.

कापडावर मात्र थांबायला हवं, कारण इथेच आपल्या बाजारात फसगत होते. मऊ खांद्यात बाहीचं जास्तीचं कापड मुरवायचं असतं, आणि ते वाफेच्या इस्त्रीने लोकरीतच मुरतं. लोकर आकार धरते. टीआर सूटिंग, म्हणजे पॉलिस्टर-व्हिस्कोस, तितकं ऐकत नाही. त्यात हा खांदा करायला गेलं की चुण्या कारागिरीच्या दिसत नाहीत, चुकीच्या दिसतात. बजेट टीआरचं असेल तर पातळ पॅडचा साधा, नीट बसणारा कोट शिवा, त्यात काही कमीपणा नाही. लोकर परवडत असेल तर मीटरला साधारण २५० ते २८० ग्रॅमची, साध्या विणीची घ्या. दुकानदार ‘सुपर १५०’ दाखवेल, हाताला लोण्यासारखं लागेल. पण आतून आधार नसलेल्या कोटाला कापडानेच उभं राहावं लागतं, आणि इतकं नाजूक कापड आपल्या घामात आणि गाडीवरच्या प्रवासात दुपारपर्यंत चुरगळतं. पाठीला अर्धंच अस्तर घ्या, एप्रिलमध्ये मला दुवा द्याल.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. भिंतीला बाजूने खांदा टेकवा. तुमचा दंड लागायच्या आधी कोटाची बाही दबली तर खांदा मोठा आहे. दोन्ही हात पुढे करून मोटरसायकलचं हँडल धरल्यासारखं करा, कॉलर मानेपासून सुटता कामा नये. दिवसभर काउंटरवर वाकून बसणाऱ्या आपल्यासारख्यांची कॉलर हमखास सुटते, तेव्हा मास्टरला पाठीचं माप जास्त घ्यायला सांगा. आणि खालच्या काजाच्या खाली कापड चिमटीत धरून दोन्ही थर वेगळे ओढा. मधे तिसरा थर मोकळा हलताना जाणवला तर आत कॅनव्हास आहे. नाही जाणवला तर फ्युजिंग आहे, म्हणजे पेस्टिंगने चिकटवलेलं. फ्युजिंग वाईटच असतं असं नाही, माझ्या दुकानात मीही विकतो, पण कॅनव्हासचे पैसे घेऊन फ्युजिंग विकत नाही.

तुमच्यापैकी जे मेन्सवेअरचं दुकान काढणार आहेत त्यांच्यासाठी एक अनुभव. दोन वर्षांपूर्वी एक नवरामुलगा आला, मान उंच, खांदे चांगलेच उतरते. मोबाइलमधला फोटो दाखवून म्हणाला, असाच पाहिजे, बिनपॅडचा. मी तोंडावर सांगितलं, “तुमचे खांदे पडके आहेत, तुम्हाला शोभणार नाही.” सोबत होणारे सासरे बसले होते. मुलगा उठला आणि गेला. १८,००० रुपयांची ऑर्डर गेली. नंतर एका ओळखीच्याच्या स्टेटसला त्याच्या लग्नाचे फोटो दिसले, कोट बिनपॅडचाच होता आणि खांद्यावरून अक्षरशः ओघळत होता. मला आनंद झाला नाही. माझं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नव्हता.

आता मी शरीराबद्दल एक शब्द बोलत नाही. दोन नमुन्याचे कोट ठेवलेत, एक बिनपॅडचा, एक पातळ पट्टीचा. दोन्ही घालायला लावतो आणि गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवर मागून आणि बाजूने फोटो काढतो. मग चहा सांगतो आणि गप्प बसतो. बहुतेक जण स्वतःच बोट ठेवतात.

तर भावा, तुझ्या खांद्याचा मागून काढलेला फोटो आधी बघ. सपाट असतील तर मऊ खांद्याचा, गडद निळा, बिनचौकड्यांचा सूट घे. एक महिना हातात आहे, म्हणजे शिवायला अजून वेळ आहे. कच्चा ट्रायल घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. ट्रायलला जाताना मीटिंगला घालणार तेच बूट आणि तोच शर्ट घालून जा, चपलेवर गेलास तर पँट चुकणार. खिशात एरवी जितका मोठा मोबाइल ठेवतोस तो ठेवूनच उभा राहा.