बोटीची मोटर घेताय? एचपीबरोबर गिअर रेशोही विचारा



विष्णुपुरीच्या जलाशयात बोट चालवायचा विचार करताय? मग मोटर घेताना "किती एचपी?" एवढंच विचारून थांबू नका. "गिअर रेशो किती?" हेही विचारा. नाहीतर पैसे जातील आणि भरलेली बोट जागची हलायला कुरकुर करेल.

गिअर रेशो म्हणजे काय?

आउटबोर्ड मोटरमध्ये इंजिन वर आणि पंखा खाली पाण्यात असतो. इंजिनचा उभा शाफ्ट खाली एक छोटा गिअर फिरवतो आणि तो मोठ्या गिअरला फिरवतो. समजा, छोट्याला १३ दात आणि मोठ्याला २७. भागाकार २.०८. म्हणजे इंजिनचे साधारण दोन फेरे, तेव्हा पंख्याचा एक.

फेरे कमी झाले की जोर वाढतो. नांगरताना ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये टाकतो ना, तसंच.

एचपी सारखा, काम वेगळं

यामाहाची ९.९ एचपीची फोर-स्ट्रोक मोटर घ्या. साध्या मॉडेलचा रेशो २.०८, हाय थ्रस्ट मॉडेलचा २.९२. इंजिन ५००० फेऱ्यांवर असताना पहिलीचा पंखा मिनिटाला सुमारे २४०० वेळा फिरतो, दुसरीचा सुमारे १७००. दुसरीला मोठा पंखा बसतो. तो हळू फिरतो, पण एका फेऱ्यात जास्त पाणी मागे ढकलतो. रिव्हर्समध्येही बोट लवकर थांबते. काठाला लावताना याचा फार उपयोग होतो.

मग घ्यायची कुठली? दोन माणसं आणि जाळं एवढीच हलकी बोट असेल तर २.०८ चालेल. प्रवासी भरून जड बोट न्यायची असेल तर जास्त रेशोची. तिकीट काढणारा वेगाचे नाही, सुखरूप फेरीचे पैसे देतो.

सेकंडहँड मोटर घेताना

१. स्पार्क प्लग काढा, मोटर फॉरवर्डला टाका. फ्लायव्हील हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच फिरवा. पंख्याचे १० फेरे होईपर्यंत फ्लायव्हीलचे फेरे मोजा. सुमारे २१ आले तर रेशो २.०८, सुमारे २९ आले तर २.९२. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

२. गिअर ऑईल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील गेलेत. भाव तिथंच पाडा, नाहीतर सोडून द्या.

३. चाचणी पूर्ण वजनानिशी घ्या. फुल थ्रॉटलला इंजिनचे फेरे कंपनीने दिलेल्या मर्यादेत यायला हवेत. कमी पडले तर कमी पिचचा पंखा लावा. एक इंच पिच कमी केली की साधारण २०० फेरे वाढतात. पंखा बदलणं सोपं आणि स्वस्त, गिअर बदलणं महाग.

पैसे देण्याआधी

हे पाणी नांदेडकर पितात आणि यावर शेतीही चालते. त्यामुळे जलसंपदा विभागाची परवानगी, बोटीची नोंदणी आणि प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट हे आधी ठरवा. पावसाळ्यात दरवाजे उघडले की बोट बंद, म्हणून हिशोब बारा महिन्यांचा धरू नका.

आजचा गृहपाठ: तुमची बोट, माणसं आणि सामान यांचं एकूण वजन कागदावर लिहा. मोटर त्यानंतर बघा.