नारिंगाची सतरा वर्षं

अमेरिकेतलं फिनिक्स हे ॲरिझोनाच्या वाळवंटातलं शहर. तिथे १९८७ साली शेरवूड इड्सो आणि ब्रूस किंबॉल या सरकारी कृषी शास्त्रज्ञांनी आंबट नारिंगाची आठ रोपं लावली. भोवती पारदर्शक प्लॅस्टिकच्या भिंती, वर मोकळं आकाश. चार झाडांना नेहमीची हवा, उरलेल्या चारांना दर दशलक्ष भागांमागे ३०० भाग कार्बन डायऑक्साइड जास्त. हा प्रयोग सतरा वर्षं चालला, आणि त्याचं मोल या चिकाटीत आहे.

जादा वायूचा झाडाला फायदा का व्हावा, याचं उत्तर पानात आहे. तिथलं रुबिस्को हे विकर हवेतला कार्बन पकडून साखरेच्या वाटेला लावतं. पण ते कार्बन डायऑक्साइडऐवजी पुष्कळदा ऑक्सिजनच धरून बसतं आणि हाती आलेला थोडा कार्बन वाया जातो. उन्हाचा तडाखा वाढला की हे नुकसानही वाढतं. हवेत कार्बन डायऑक्साइड मुबलक असला, की ही चूक कमी होते. शिवाय पर्णरंध्रं पूर्ण उघडावी लागत नाहीत, त्यामुळे पाणीही वाचतं.

सुरुवातीच्या काही वर्षांत जादा वायू मिळालेली झाडं दुपटीहून अधिक जोमानं वाढली. मग हा फरक ओसरत गेला. तरी सतरा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा त्यांचं लाकूड आणि फळं मिळून सुमारे ७० टक्के जास्त भरलं. फळं आकारानं मोठी झाली नव्हती, संख्येनं वाढली होती. दरम्यान या झाडांच्या पानांनी मात्र प्रकाशसंश्लेषणाचा वेग आवरता घेतला होता. फांद्या, मुळं आणि फळं खपवू शकतील त्याहून जास्त साखर साठू लागली, की पान रुबिस्को कमी बनवतं. या विकरात बराच नायट्रोजन अडकतो. गरजेपेक्षा जास्त रुबिस्को सांभाळणं झाडाला परवडत नाही.

हा ७० टक्क्यांचा आकडा शुभवार्ता म्हणून सांगणं मला धोक्याचं वाटतं. फिनिक्सच्या त्या झाडांना पाणी आणि खत कधी कमी पडू दिलं नव्हतं, आणि तापमान मुद्दाम वाढवलेलं नव्हतं. बागायतदाराच्या वाट्याला हा वायू एकटा येत नाही, उष्णता सोबत घेऊन येतो. विदर्भातल्या संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारा फुलोरा, एप्रिल-मेच्या उन्हात फळगळ सोसतो. मृग बहार, म्हणजे पावसाळ्यातला फुलोरा, धरायला आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो आणि मग पाऊस वेळेवर यावा लागतो. पाऊस लांबला, तर पानात साठलेली साखर त्याची जागा घेऊ शकत नाही. जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेल्या नागपुरी संत्र्याला जादा कार्बन डायऑक्साइड, जादा उष्णता आणि अपुरं पाणी एकत्र देऊन वर्षानुवर्षं तपासायला हवं. नुसता वायू वाढवून आपल्या बागेचं भविष्य कळणार नाही.